न घडलेल्या गोष्टीचा इतिहास : भिवंडीतील दहावीची एक तुकडी

शाळेच्या दिवसांवर लिहिण्याचा आपल्याकडे एक ठरलेला घाट आहे. घंटा, फळा, कडक पण मायाळू गुरुजी, मधल्या सुटीतील डबा, स्नेहसंमेलन आणि अखेरीस निरोप समारंभ. निरोपाच्या भाषणांपासून स्मरणिकांपर्यंत आणि तेथून आत्मचरित्रांच्या पहिल्या प्रकरणापर्यंत हा घाट फारसा बदलत नाही. भिवंडीतील एका मराठी माध्यमाच्या शाळेतून १९९३ साली दहावी झालेली आमची तुकडी आठवणी लिहून काढायला बसली, तेव्हा आम्हीही याच घाटाने लिहिले. सगळ्यांची पाने एकत्र वाचल्यावर मात्र एक गोष्ट ध्यानात आली. ज्या शब्दाने उर्वरित महाराष्ट्र आमच्या गावाला ओळखत होता, तो 'दंगल' हा शब्द त्या पानांत जवळजवळ नव्हताच. हा अभाव निव्वळ विस्मृतीतून आलेला नसून त्याला स्वतःचा इतिहास आहे, आणि तोच येथे मांडायचा आहे.

७ मे १९७० रोजी शिवजयंतीच्या मिरवणुकीच्या वेळी भिवंडीत दंगल भडकली आणि पाठोपाठ जळगाव व महाड येथेही तिची झळ पोचली. न्यायमूर्ती डी. पी. मादन यांच्या आयोगाने तिची केलेली चौकशी आजही अशा विषयांच्या अभ्यासकांना टाळता येत नाही. साहित्याच्या विद्यार्थ्यांना या दंगलीचा आणखी एक धागा ठाऊक असायला हवा. दंगलीनंतर भीष्म साहनी भिवंडीत येऊन गेले. येथील उद्ध्वस्त वस्त्या पाहताना त्यांना १९४७ ची रावळपिंडी आठवली आणि त्या आठवणीतून पुढे 'तमस' ही कादंबरी लिहिली गेली. तिला १९७५ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. फाळणीवरील एका महत्त्वाच्या हिंदी कादंबरीची ठिणगी आमच्या गल्ल्यांत पडली होती, हे आम्हांला शाळेत कोणी सांगितले नाही. मे १९८४ मध्ये भिवंडी पुन्हा पेटली. तेव्हा आमची पहिली नुकतीच संपली होती. आमच्या आठवणीत उरली ती नेहमीपेक्षा लांबलेली, आजोळी काढलेली उन्हाळ्याची सुटी.

जून १९८७ मध्ये आम्ही पाचवीत, म्हणजे 'हायस्कुलात' आलो. वर्गात आसपासच्या गावांतली आगरी-कुणबी मुले होती, जुन्या आळ्यांतली होती, तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांची होती. गिरणी कामगारांच्या १९८२ च्या संपानंतर मुंबईचे बरेचसे कापड भिवंडीच्या मागांवर विणले जाऊ लागले होते. त्यामुळे गावात रात्रंदिवस मागांचा खडखडाट असे आणि आमच्यापैकी कित्येकांचा अभ्यास त्याच आवाजात होई. शाळा सुटल्यावर कांड्या भरायला बसणारी मुलेही आमच्यात होती. १९८८ च्या आरंभी गोविंद निहलानींनी केलेले 'तमस' दूरदर्शनवर दाखवले गेले. त्यावर बंदी घालावी म्हणून प्रकरण आधी मुंबई उच्च न्यायालयात आणि मग सर्वोच्च न्यायालयात गेले. दोन्हीकडे ती मागणी फेटाळली गेली. जिच्यामुळे ती कथा आठवली, त्या गावातल्या काही घरांत मात्र त्या वेळेला संच बंदच ठेवला जाई.

त्याच वर्षी सुरेश खोपडे भिवंडीत पोलीस उपायुक्त म्हणून आले. त्यांनी उभारलेल्या मोहल्ला समित्यांचे वैशिष्ट्य त्यांच्या साधेपणात होते. दंगल पेटल्यावर दोन्हीकडच्या पुढाऱ्यांना एका व्यासपीठावर बसवण्याची शांतता समित्यांची रीत आपल्याला परिचित आहे. येथे क्रम उलटा होता. वस्तीवस्तीतील सामान्य हिंदू-मुसलमान माणसे आणि त्या भागाचे पोलीस शांततेच्या काळातच नियमाने एकत्र बसू लागले. बोलणे व्हायचे ते नळाचे, गटाराचे, भाडेकरूचे, गल्लीतल्या भांडणाचे. अफवा पसरते ती अनोळखीपणाच्या जागेतून. शिपाई नावानिशी ओळखीचा असला आणि पलीकडच्या मोहल्ल्यातला माणूस कालच्या बैठकीत शेजारी बसलेला असला, की अफवेला खात्री करून घ्यायची वाट सापडते. शिवाय एकाचे सूत, दुसऱ्याचा माग आणि तिसऱ्याची मजुरी असा या गावाचा धंदा. माग थांबला की तिघांच्याही चुली थंडावतात, हे दोन दंगलींनी सर्वांना शिकवले होते.

६ डिसेंबर १९९२ हा रविवार होता. आम्ही दहावीत होतो. त्या डिसेंबरात आणि पुढच्या जानेवारीत मुंबई पेटली. भिवंडी शांत राहिली. पुढे खोपडे यांनी या अनुभवावर लिहिलेल्या पुस्तकाचे नावच 'मुंबई जळाली, भिवंडी का नाही?' असे आहे. आमच्या आठवणींच्या पानांत त्या दिवसांबद्दल काय आहे? पूर्वपरीक्षेची धास्ती, भूमितीची न सुटलेली प्रमेये, घरातल्या मोठ्यांचे एकाएकी हळू झालेले आवाज. इतकेच. ज्या आठवड्यांत आमचे गाव इतिहासात नोंदले जात होते, त्या आठवड्यांत आम्हांला भूमितीची चिंता करता आली, हीच त्या प्रयोगाची फलश्रुती होती.

दंगलीला कथानक असते, साक्षीदार असतात, आयोग असतो आणि कधी 'तमस'सारखी कादंबरीही लाभते. टळलेल्या दंगलीला यातले काहीच मिळत नाही. नळाच्या तक्रारीवर झालेल्या बैठकीची कादंबरी कोण लिहील? म्हणूनच शाळेच्या आठवणींचा तो ठरीव, थोडा भाबडा घाट आम्हांला आता वेगळा दिसतो. ज्यांच्या शाळेच्या वर्षांत लिहिण्यासारखे 'काही घडले नाही', त्यांच्या आठवणी हा शांततेचा एक दस्तऐवज असतो, आणि इतिहासकाराने तो त्या नजरेने वाचायला हरकत नाही.

तरीही या दस्तऐवजाला एक मोठे खिंडार आहे. आमच्या साऱ्या पानांत उर्दू माध्यमाच्या शाळेतला एकही मित्र नाही. ज्या काळात आमचे वडील आणि काका समितीच्या बैठकीला शेजारी शेजारी बसत होते, त्याच काळात आम्ही सहा वर्षे वेगळ्या दारांनी शाळेत जात होतो. बालभारतीचे पुस्तक तेच, मंडळ तेच, दहावीचा प्रश्नही तोच. फक्त लिपी वेगळी. शिवाजी महाराजांचा इतिहास आम्ही देवनागरीत वाचला, त्यांनी नस्तालिकात. एका परीक्षेला बसलेली ही दोन गावे निकालानंतरही एकमेकांना भेटली नाहीत. मोठ्यांनी शांतता राखली; ती मुलांपर्यंत पोचवण्याचे काम जिथे व्हायचे, त्या शाळेला बैठकीचे बोलावणे कधी गेलेच नाही.

शांतता वारशाने आपोआप मिळत नाही, याचा प्रत्यय जुलै २००६ मध्ये आला. पोलीस ठाण्याच्या बांधकामावरून उसळलेल्या वादात गोळीबारात दोघे मृत्युमुखी पडले आणि दोन पोलीस शिपायांची हत्या झाली. तोवर आम्ही तिशीच्या उंबरठ्यावर होतो, म्हणजे समित्यांत बसण्याच्या वयाचे. त्या वयाच्या किती जणांना पलीकडच्या मोहल्ल्यातील एकाला तरी नावाने हाक मारता आली असती, हा प्रश्न भिवंडीच्या कोणत्याही शाळेच्या स्मरणिकेत शोभून दिसेल.

आमची स्मरणिका त्यामुळे अर्धीच आहे. १९९३ सालीच उर्दू माध्यमातून दहावी झालेल्या कुणीतरी आपल्याही घंटेविषयी, फळ्याविषयी, भूमितीविषयी लिहिले असेल. तिथेही 'फसाद' हा शब्द अनुपस्थित असेल, असा आमचा अंदाज आहे. ती पाने या पानांशेजारी ठेवून वाचली, तर भिवंडीच्या त्या सहा वर्षांचा इतिहास लिहायला सुरुवात होईल.