विधवेचा हक्क आणि प्रोबेटची मोहोर

पतीच्या निधनानंतर तेरावा आटोपतो न आटोपतो तोच घरात कागदपत्रांची चर्चा सुरू होते. “प्रोबेट काढल्यावाचून काही हाती यायचे नाही,” असे कुणी जाणता सांगतो आणि ती बिचारी बाई हवालदिल होते. या सांगण्यात तथ्य किती, हे पाहण्यासाठी आम्ही श्रोत्यांना थोडे मागे नेऊ इच्छितो.

मुंबई इलाख्यातील १८२७ च्या आठव्या रेग्युलेशनने वारसांना कोर्टाकडून दाखला मिळण्याची सोय केली. परंतु तंटा नसेल तर वारसांनी कोर्टात न येता मिळकतीचा कारभार पाहावा, हेच त्याचे धोरण होते. प्रोबेटची सक्ती हिंदूंवर आली ती १८७० च्या हिंदू विल्स अ‍ॅक्टने. आणि आपल्या इलाख्यात तीही मुंबई शहरापुरती. १९२५ च्या भारतीय वारसा कायद्याने कलम २१३ मध्ये तीच चालू ठेवली. म्हणून पुण्यात राहून पुण्यातील वाड्याविषयी केलेल्या मृत्युपत्राला प्रोबेट लागत नसे. त्यात गिरगावातील इमारत आली की लागे! आणि मृत्युपत्रच नसेल, तर प्रोबेटचा प्रश्नच उद्भवत नाही. २०२५ साली संसदेने हे कलमच वगळले.

पण मोहोर म्हणजे हक्क नव्हे. प्रोबेट मृत्युपत्राच्या खरेपणाची ग्वाही देते. मिळकत मृताच्या मालकीची होती की नाही, हे ते ठरवीत नाही. विधवेची खरी लढाई हक्काची होती. एकत्र कुटुंबात तिच्या वाट्याला बहुधा केवळ अन्नवस्त्र येई. मुंबईचे डॉ. गो. वि. देशमुख यांच्या प्रयत्नाने १९३७ चा कायदा झाला आणि तिला मुलाइतका वाटा मिळाला. मात्र तो हयातीपुरता. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने तिला पूर्ण मालकी दिली. पती मृत्युपत्रावाचून वारल्यास त्याच्या स्वकष्टार्जित मिळकतीत पत्नी, मुलगे, मुली व त्याची आई यांना सारखे वाटे मिळतात.

सक्ती गेली म्हणून सावधपणा सोडून चालणार नाही. मृत्युपत्राविषयी वाद उठला, तर ते आजही कोर्टात शाबीत करावे लागते. तेव्हा अशा प्रसंगी आधी दोनच गोष्टी पाहाव्यात : मृत्युपत्र आहे काय, आणि त्याला कोणाची हरकत आहे काय? तोवर त्या बाईकडून घाईने कोऱ्या कागदावर सही कोणी घेऊ नये, आणि तिनेही ती देऊ नये, एवढेच आमचे सांगणे आहे.