आकड्यांतील अग्निबाण : नौयुद्धाच्या खेळांतील एका फेरफाराचा विचार

नौयुद्धाच्या संगणकीय खेळांत मूळ कर्त्यांनी ठरविलेले आकडे बदलून शस्त्रांची घडण आपल्या मताप्रमाणे करण्याची खेळाडूंची प्रथा आता चांगलीच रूढ झाली आहे. ह्या फेरफाराला ‘मॉड’ असे म्हणतात. इतिहासाच्या अभ्यासकाने हा उद्योग निव्वळ करमणुकीचा म्हणून दृष्टीआड करणे योग्य नव्हे. कारण असा प्रत्येक आकडा भूतकाळाविषयीचे एक विधान असतो, आणि ते विधान चुकीचेही असू शकते. दुसऱ्या महायुद्धातील विमानी अग्निबाणाचे उदाहरण ह्या दृष्टीने उद्बोधक आहे.

ब्रिटिशांच्या तीन इंची अग्निबाणाला दोन प्रकारची शीर्षे बसवीत : एक ६० पौंडांचे, स्फोटकाने भरलेले, दुसरे २५ पौंडांचे, भरीव पोलादाचे. दुसरे रणगाड्यांविरुद्ध फारसे उपयोगी ठरले नाही. पाणबुड्यांविरुद्ध मात्र तेच अधिक घातक ठरले. त्याचे कारण पाण्यात आहे. उथळ सूर मारणाऱ्या विमानातून सुटलेला हा बाण लक्ष्याच्या अलीकडे पाण्यात शिरला, तर तो तळाकडे न जाता वरच्या बाजूस वळे आणि पाणबुडीच्या कवचाला पाण्याच्या रेषेखाली भोक पाडी. म्हणजे वरून पाहणाऱ्यास जो नेम हुकलेला वाटावा, तोच कित्येकदा खरा नेम असे. सातव्या वर्गाच्या ‘क’ प्रकारातील जर्मन पाणबुडीचे दाब सोसणारे अंतर्कवच अवघे १८.५ मिलिमीटर जाडीचे होते. त्याला भोक पडले की बुडी मारणे अशक्य होई.

२३ मे १९४३ रोजी अटलांटिकमध्ये ‘आर्चर’ ह्या लहान विमानवाहू नौकेवरील एका ‘स्वोर्डफिश’ विमानाने ‘यू-७५२’ ही पाणबुडी अशाच बाणांनी निकामी केली. पुढे तिच्या खलाशांनीच ती बुडविली. (हे विमान कापडाने मढविलेले, दुपंखी आणि कालबाह्य समजले जाणारे होते, अग्निबाणांच्या ज्वाळा सोसण्यासाठी त्याच्या खालच्या पंखांना धातूचा पत्रा लावावा लागला होता.)

२००५ साली निघालेल्या ‘सायलेंट हंटर ३’ ह्या खेळात खेळाडू जर्मन पाणबुडीचा कप्तान असतो. त्यात शस्त्राच्या माऱ्याचे वर्णन मुख्यतः पाच आकड्यांत सामावलेले असते : हानीची किमान व कमाल मर्यादा, कवचभेदनाची शक्ती, आणि परिणामाची किमान व कमाल त्रिज्या. भरीव शीर्षाचा बाण ह्या चौकटीत बसवावयाचा, तर भेदनशक्ती पुरेशी ठेवून त्रिज्या जवळजवळ शून्यावर आणावी लागेल. परंतु बाण ‘परिणामकारक’ वाटावा म्हणून त्रिज्या वाढविण्याचा मोह सहज होतो. आणि मग पोलादी कांबीचा बाँब होतो. पाण्याखालच्या वक्र मार्गाला तर ह्या पाच आकड्यांत जागाच नाही.

हा पेच संगणकापेक्षा जुना आहे. फ्रेड जेन ह्याने १८९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या नौयुद्धाच्या खेळात जहाजाचे चित्र पुठ्ठ्यावर काढलेले असे व त्यावर टाचणी लावलेल्या फळीने प्रहार करीत. घाव कोठे बसला ह्याला तेथे महत्त्व होते. उलट फ्लेचर प्रॅट ह्याच्या खेळात तोफा, कवच व वेग ह्यांवरून सूत्राने जहाजाचे मूल्य काढीत, आणि प्रहारागणिक ते घटत जाई. प्रॅटची रीत सोपी खरी. पण भरीव बाणासारख्या शस्त्राला न्याय देण्यास जेनचीच दृष्टी अधिक उपयुक्त आहे, असे म्हणावे लागते. आजचे खेळ जहाजाचे विभाग पाडतात आणि प्रत्येक विभागाला गुण देतात, म्हणजे दोहोंच्या मध्ये उभे राहतात.

कालाचा प्रश्न त्यामानाने सोपा आहे. ‘यू-७५२’ ही अशा बाणांना बळी पडलेली पहिली जर्मन पाणबुडी मानतात. पाचच दिवसांनी, २८ मे १९४३ रोजी, भूमध्य समुद्रात एका ‘हडसन’ विमानाने ‘यू-७५५’ बुडविली. ज्या मॉडमध्ये १९४१ च्या अटलांटिकवर अग्निबाणधारी विमाने घिरट्या घालताना दिसतात, त्याच्या कर्त्याने शस्त्र बरोबर निवडले असले, तरी दोन वर्षांची चूक केली आहे.