चोराची टक्केवारी

कुलूप उघडण्याची शक्यता 15 टक्के. सापळा निकामी करण्याची 10. सावलीत दडून राहण्याचीही 10. खिसा कापण्याची 20, पाऊल न वाजवता चालण्याची 20. आणि भिंत चढण्याची 87!

'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या खेळाची 'ग्रेहॉक' नावाची पुरवणी 1975 साली आली, तिच्यात पहिल्या लेव्हलच्या चोराचं हे प्रगतिपुस्तक छापलेलं होतं. धंद्याच्या सगळ्या विषयांत नापास आणि गिर्यारोहणात विशेष प्रावीण्य. असा चोर घरात शिरला तर भिंतीला घोरपडीसारखा चिकटेल. कपाट उघडेपर्यंत मात्र उजाडेल. आज अशा बहुतेक खेळांत योद्धा, जादूगार, धर्मगुरू अशा प्रत्येक पात्रासमोर स्किल्सची यादी असते. त्या यादीचं कूळ शोधत गेलं की आपण या नापास चोराच्या दाराशी येऊन पोचतो.

खेळ माहीत नसलेल्यांसाठी दोन वाक्यं. एक जण गोष्ट चालवतो, त्याला डंजन मास्टर म्हणतात. बाकीचे एकेक पात्र घेऊन बसतात, आपलं पात्र काय करतं ते तोंडाने सांगतात आणि निकाल अधांतरी असेल तिथे फासे टाकतात. पात्र घेताना आधी 'क्लास' निवडायचा. आपल्याकडे क्लास लावावा लागतो, फी भरावी लागते, तरी विद्या येईलच असं नाही. इथे क्लास निवडला की विद्या अंगात आलेली असते.

1974 साली अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनीव्हा या छोट्या गावातून गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा हा खेळ बाहेर पडला. एका खोक्यात तीन पातळ पुस्तिका, पहिली आवृत्ती हजार प्रतींची. क्लास तीनच होते: लढवय्या, जादूगार आणि धर्मगुरू. यातला धर्मगुरूही नियोजनातून आलेला नव्हता. आर्नेसनच्या टेबलावर एका खेळाडूचं 'सर फँग' नावाचं रक्तपिपासू पात्र कुणाला आवरेना, म्हणून त्याच्यावर उतारा काढावा लागला, तो हा. क्लास असेच जन्माला येत होते, टेबलावरची अडचण बघून.

स्किल नावाची वस्तू तेव्हा नव्हतीच. भिंतीतला चोरदरवाजा शोधायचा तर माणसाने सहाचा फासा टाकायचा, 1 किंवा 2 पडलं तर सापडला. एल्फ असाल तर 4 पर्यंत चालेल. म्हणजे जे काही होतं ते वंशाकडून आलेलं. बाकी सगळं बोलण्यावर. पुढे खड्डा आहे का? दहा फुटी काठीने जमीन ठोकून बघतो. फरशीवर पाणी ओततो, कुठे मुरतं ते बघतो. हुशारी खेळाडूची, पात्राची नव्हे. पात्राच्या कागदावर तसा रकानाच नव्हता.

त्याच वर्षी कॅलिफोर्नियातल्या सांता मोनिकामध्ये 'एरो हॉबीज' या दुकानात जमणाऱ्या खेळाडूंनी चोराचा क्लास घडवायला घेतला. त्यांच्यातला डॅनियल वॅग्नर हा त्याचा मूळ कर्ता मानला जातो. दुकानाचे गॅरी स्विट्झर यांनी गायगॅक्सला फोनवर ही कल्पना सांगितली आणि गायगॅक्सने तिच्यावरून स्वतःचा चोर रचला. पुढच्या वर्षी तो पुरवणीत छापला गेला. आता खेळाच्या जगात चोर म्हटलं की गायगॅक्सचं नाव येतं. चोराच्या जन्मातच थोडी उचलेगिरी असावी, हे तसं शोभूनच दिसतं.

गायगॅक्सच्या डोक्यात पुस्तकातले चोर घोळत होते. फ्रिट्झ लायबरचा ग्रे माउझर, जॅक व्हॅन्सचा क्यूगेल, टोल्किनचा बिल्बो, ज्याला बौने 'घरफोड्या' म्हणूनच कामावर ठेवतात. ही मंडळी यशस्वी होतात ती लेखकाच्या मर्जीने. आपल्याकडचा शर्विलक आठवा. 'मृच्छकटिका'त तो चारुदत्ताच्या घराला भगदाड पाडतो तेव्हा जानव्याने माप घेतो, चौर्यशास्त्राच्या आचार्यांना नमस्कार करतो. नाटककार शूद्रकाला त्याच्यासाठी फासे टाकावे लागले नाहीत. टेबलावर मात्र चोर जमला की फसला हे कुणीतरी ठरवायला हवं, आणि तिथे शेकडा फासे कामाला आले: दोन फासे, एक दशकाचा, एक एककाचा.

टक्केवारी छापली गेली आणि एक गोष्ट कुणी न ठरवता घडली. चोराला दबक्या पावलांनी चालण्याची 20 टक्के संधी आहे. मग लढवय्याला किती? पुस्तकात उत्तर नव्हतं. काल परवापर्यंत बूट काढून चालतो म्हणणाऱ्या लढवय्याला डंजन मास्टर आता म्हणू लागला, ते चोराचं काम. कुलूप, सापळा, सावली यांचं वतन चोराच्या नावावर चढलं. देण्यासाठी लिहिलेला आकडा इतरांकडून काढून घेण्याच्या कामी आला. माझ्या मते या खेळातलं पुढचं पन्नास वर्षांचं भांडण या एकाच जागेवरून आहे. जुन्या पद्धतीने खेळणारे काही जण आजही वाद घालतात की सगळ्यांनाच लपता येतं, चोराचा फासा हा त्यावरचा जास्तीचा हक्क, आडोसा नसताना नुसत्या सावलीत विरून जाण्याचा. वाचायला पटतं. पण तसं स्पष्ट छापलं असतं तर वाद कशाला उरला असता?

मोठं बंड 1978 साली कॅलिफोर्नियातूनच झालं. स्टीव्ह पेरिन आणि सोबत्यांच्या 'रूनक्वेस्ट'ने क्लासच उडवून लावले. चोराची टक्केवारी उचलली आणि तलवारीपासून पोहण्यापर्यंत सगळ्यांना वाटून टाकली. वाढ वापरातून. स्किल वापरून यश आलं की कागदावर खूण करायची, मोहीम संपली की शेकडा फासे टाकायचे, आणि आकडा आपल्या टक्केवारीच्या वर गेला तरच 5 टक्के वाढ. म्हणजे जितकं जास्त येतं तितकं पुढे शिकणं अवघड. रियाज करणाऱ्या कुणालाही हा नियम समजावून सांगावा लागत नाही. खेळाडूंनी त्यातही पळवाट काढली: एकाच लढाईत चार हत्यारं बदलायची आणि चारही ठिकाणी खूण मिळवायची.

मधली वाट 1982 साली 'रोलमास्टर'च्या 'कॅरेक्टर लॉ'ने काढली, आणि मला तीच सर्वांत चतुर वाटते. कुणालाही काहीही शिकता येईल, फक्त भाव वेगळा. जादूगाराला तलवार शिकायला बंदी नाही, पण त्याला ती लढवय्याच्या कितीतरी पट महाग पडेल. क्लास म्हणजे कुंपण न राहता दरपत्रक झालं. किंमत तक्त्यांची होती. पानंच्या पानं तक्ते.

'डंजन्स अँड ड्रॅगन्स' मात्र सावकाश हललं. 1989 च्या दुसऱ्या आवृत्तीत चोराला पहिल्यांदा निवड मिळाली: सुरुवातीला वाटायला 60 गुण, एका विषयावर 30 पेक्षा जास्त नाहीत. सगळे चोर एका साच्याचे असण्याचे दिवस संपले. एक तिजोऱ्या फोडणारा, दुसरा खिसेकापू. इतर क्लासना पोहणं, स्वयंपाक, घोडेस्वारी अशी कौशल्यं मिळाली, तीही टेबलाला पटली तर घ्या या अटीवर.

2000 साली तिसरी आवृत्ती आली तोवर मूळ कंपनी विकली गेली होती. जोनाथन ट्वीट, मॉन्टी कुक आणि स्किप विल्यम्स यांनी सगळ्या क्लासना एकाच यादीखाली आणलं. आपल्या क्लासचं स्किल एका गुणाला एक पायरी, परक्या क्लासचं दोन गुणांना एक. रोलमास्टरचं दरपत्रकच, हिशेब सोपा केलेलं. मॉन्टी कुक आधी रोलमास्टरच्याच कंपनीत काम करत होता, हे इथे आठवतं. चोराचं नाव बदलून 'रोग' झालं. त्याला दर लेव्हलला 8 गुण, लढवय्याला 2, वर बुद्धीचे जे काय असतील ते. लढवय्याच्या यादीत पोहणं होतं, चढणं होतं, उडी मारणं होतं. टक लावून बघणं आणि कान देऊन ऐकणं नव्हतं. म्हणजे राजवाड्याचा पहारेकरी लढवय्या असेल तर त्याला पहारा सोडून बाकी सगळं जमणार. वतन मोडलं, पण वाटणी करणाऱ्याने हात आखडता घेतला.

2014 च्या पाचव्या आवृत्तीत गुणांची बेरीजच गेली. स्किल येतं किंवा येत नाही. येत असेल तर लेव्हलप्रमाणे 2 ते 6 ची भर. 18 स्किल्सपैकी लढवय्याने दोन घ्यायची, रोगने चार. शिवाय क्लासआधीचं आयुष्य मोजलं जातं. पूर्वायुष्यात गुन्हेगार होतो असं म्हणा, लपणं आणि कुलपं उघडण्याची हत्यारं दोन्ही पदरात पडतात, आज तुम्ही धर्मगुरू असलात तरी. रोगकडे राहिलं ते मुख्यतः हे की निवडक स्किल्समध्ये त्याची भर दुप्पट होते.

आणि भिंत? चढणं ताकदीच्या खात्यात गेलं, त्यामुळे दणकट लढवय्या आता बारीक चणीच्या रोगला तिथे सहज मागे टाकतो. मात्र रोगने तिसऱ्या लेव्हलला 'थीफ' ही शाखा निवडली तर एक छोटी सवलत मिळते: इतरांचा चढताना वेग निम्मा होतो, त्याचा होत नाही.