पुस्तकात नसलेला डास

"सर, रोगजंतू आणि साथीचे रोग शिकायचे तर कोणते पुस्तक घेऊ?" कुंभार पिंपळगावहून नर्सिंगला किंवा प्रयोगशाळा तंत्रज्ञाच्या अभ्यासक्रमाला निघालेल्या मुलीने असे विचारले, की आपण शाळेच्या कपाटाकडे वळतो. त्याआधी एक जुनी हकीकत आठवू या. ती घडली सिकंदराबादच्या छावणीत, आपला मराठवाडाही त्याच निजामाच्या राज्यात होता तेव्हा.

रोनाल्ड रॉस हे लष्करी सेवेतले डॉक्टर. १८८८-८९ मध्ये रजेवर असताना त्यांनी लंडनला जीवाणुशास्त्राचे रीतसर शिक्षण घेतले होते. मलेरियाचे परोपजीवी रक्तात असतात हे लाव्हराँ यांनी १८८० मध्येच सांगितले होते. पण नुसत्या वर्णनांवरून शोधताना रॉस यांना ते सापडेनात. तेव्हा मलेरिया आतड्यातल्या विषामुळे होत असावा, असे त्यांनी लिहिलेसुद्धा! १८९४ मध्ये लंडनला पॅट्रिक मॅन्सन यांनी सूक्ष्मदर्शकाखाली परोपजीवी दाखवले, आणि शंका मिटली.

डास हा मलेरियाशी संबंधित असावा, ही कल्पनाही मॅन्सन यांचीच. पण मॅन्सन तरी सर्वज्ञ थोडेच होते! डासाच्या आयुष्याविषयी त्यांची माहिती अपुरी होती. मादी एकदा रक्त पिते, पाण्यावर अंडी घालून तिथेच मरते आणि ते पाणी प्यायल्याने माणसाला मलेरिया होतो, अशी त्यांची समजूत. रॉस यांनी १८९५ मध्ये तसे पाणी लोकांना पाजूनही पाहिले. आज हे वाचताना अंगावर काटा येतो. त्यातून काहीच सिद्ध झाले नाही.

डासांच्या जाती सांगणारे पुस्तकही रॉस यांच्याजवळ नव्हते. त्यांनी आपलीच नावे पाडली : करडे, पट्टेरी, ठिपकेदार पंखांचे. दोन वर्षे ते बहुतांशी चुकीचेच डास चिरत राहिले. मॅन्सन यांच्याशी पत्रव्यवहार मात्र अखंड चालू होता. शेवटी २० ऑगस्ट १८९७ रोजी ठिपकेदार पंखांच्या डासाच्या जठराच्या भित्तीत त्यांना काळे कण असलेल्या पेशी दिसल्या. त्या डासाला हुसेन खान नावाच्या रुग्णाचे रक्त पाजले होते. दर डासामागे त्याला एक आणा मिळे. पुढच्या वर्षी कलकत्त्याला पक्ष्यांवर प्रयोग करून, परोपजीवी डासाच्या लाळग्रंथीत पोहोचतात आणि चावण्यातून पसरतात, हे रॉस यांनी दाखवले.

आता आपले कपाट. पुस्तक हाती आले की आधी आवृत्तीचे वर्ष पाहावे. परोपजीवीचे जीवनचक्र जुन्या पुस्तकातही बरोबर असते. तेव्हा ते रद्दीत घालू नये. उपचाराचे पान मात्र लवकर शिळे होते. १९९० च्या सुमाराच्या पुस्तकात फाल्सिपारम मलेरियावर क्लोरोक्विन दिलेले आढळेल. पण ते औषध अनेक ठिकाणी लागू पडेनासे झाले आणि २०१० पासून देशभर फाल्सिपारमसाठी आर्टेमिसिनिनयुक्त संयुक्त उपचाराचे धोरण आले. मुलीने जुने पान पाठ केले, तर उद्या त्याची किंमत रुग्ण मोजील. दोन पुस्तकांतून एक निवडायचे, तर 'हे कसे कळले' सांगणारे निवडावे, मग ते पातळ का असेना.

आणि जवळच्या आरोग्य केंद्रातल्या तंत्रज्ञांना विनंती करून तिला मलेरियाची काचपट्टी दाखवावी. आकृतीतली ठसठशीत अंगठी तिथे तांबड्या पेशीच्या कडेला अगदी बारीक असते. पहिल्या वेळी ती बहुधा दिसत नाही. पुन्हा पाहू द्यावे.