रेड वाईनच्या द्राक्षाला रंग कसा चढतो? ऊन हवं, पण तापायला नको!

काळं वाईन द्राक्ष पिळलं तर रस कोणत्या रंगाचा निघेल? लाल? नाही. बहुतेक जातींचा गर जवळपास रंगहीन असतो. रंग असतो सालीत. म्हणूनच रेड वाईन करताना रस सालींसकट आंबवतात. सालीत रंग कमी, तर वाईनही फिकी.

हा रंग येतो कशामुळे?

अँथोसायनिन नावाच्या रंगद्रव्यांमुळे. मणी आधी हिरवे आणि कडक असतात. मग ते मऊ पडतात, साखर भरते आणि रंग दिसू लागतो. आपले बागायतदार याला ‘मण्यात पाणी उतरणं’ म्हणतात. इथून काढणीपर्यंतचे आठवडे रंगासाठी महत्त्वाचे.

उन्हाचं काम काय?

ऊन दोन कामं करतं. पानं उन्हावर साखर बनवतात, तोच रंगाचा कच्चा माल. शिवाय घडावर पडणारा प्रकाश सालीतली रंग बनवणारी जनुकं चालू करतो. म्हणून दाट पानांच्या आड राहिलेल्या घडाचा रंग अनेक जातींत कमी भरतो.

मग जास्त ऊन म्हणजे जास्त रंग?

इथेच गडबड होते. थेट उन्हातला मणी आजूबाजूच्या हवेपेक्षा १० अंशांनीही जास्त तापू शकतो. मणी ३५ अंश सेल्सिअसच्या आसपास गेला की रंग बनणं मंदावतं आणि आधी बनलेला रंगही तुटू लागतो. साखर मात्र वाढतच राहू शकते. म्हणजे द्राक्ष चवीला तयार, पण रंगाला कच्चं! रात्री थंड असतील तर रंग चांगला भरतो.

नाशिकमध्ये काय होतं?

इथे फळछाटणी साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये आणि वाईन द्राक्षांची काढणी जानेवारी ते मार्चमध्ये होते. जानेवारीच्या थंड रात्री रंगाला मदत करतात. मार्चच्या तापलेल्या दुपारी मात्र तोच रंग धोक्यात येतो.

उपाय काय?

वेलींच्या रांगा उत्तर-दक्षिण असतील तर घडाजवळची पूर्वेकडची थोडी पानं काढायची, पश्चिमेकडची ठेवायची. सकाळी प्रकाश मिळतो तेव्हा हवा गार असते. दुपारी पानांची सावली मिळते. पण हात जपून चालवायचा, कारण तोडलेलं पान परत लावता येत नाही.