पालवणकर बाळू

क्रिकेट म्हटलें कीं रणजींचें नांव ओठांवर येतें. पालवणकर बाळूंचें मात्र थोड्यांसच ठाऊक असतें. बाळूंचा जन्म १८७६ मध्यें धारवाडास, अस्पृश्य मानलेल्या चर्मकार समाजांत झाला. पुण्यास युरोपियनांच्या क्लबांत नोकरीस असतां ते ग्रेग या नामांकित फलंदाजास सरावासाठीं चेंडू टाकीत. त्यांतूनच त्यांची डावखुरी फिरकी कसास लागली.

पुढें पुण्याच्या हिंदु संघानें त्यांस घेतलें. पण मैदानावर ज्यांच्या हातचा चेंडू सारे झेलीत, त्यांस चहा मात्र बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यांत मिळे! १९०६ मध्यें मुंबईस हिंदूंनीं युरोपियनांस हरविलें, त्यांत बाळूंचा वांटा मोठा होता. १९११ च्या इंग्लंड-दौऱ्यांत संघ २३ पैकीं १५ सामने हरला. तरी बाळूंनीं ११४ गडी बाद केले.

मायदेशीं सत्कार झाले; हिंदु संघाच्या नायकपदीं मात्र त्यांची नेमणूक कधींच झाली नाहीं. तो मान १९२३ मध्यें धाकटे बंधु विठ्ठल यांस मिळाला. १९३२ च्या पुणें करारावर बाळूंचीही सही आहे. १९५५ मध्यें ते निवर्तले. थोरल्यानें झिजविलेल्या वाटेनें धाकटा मुक्कामास पोंचला, हें विसरतां कामा नये.