पुण्यात पूल असलेला फ्लॅट भाड्याने घेताय? आधी हा हिशेब मांडा

बेळगाव, निपाणी, खानापूर, बिदर भागातली अनेक मराठी मुलं नोकरीसाठी पुण्याला जातात. वाकड, हिंजवडी, खराडी, वाघोली भागात फ्लॅट बघायला गेलं की एजंट आधी स्विमिंग पूल दाखवतो आणि नळाला पाणी किती वेळ येतं ते शेवटी सांगतो. बजेटात बसणारा पूलवाला फ्लॅट मिळतो, पण त्यासाठी भाड्याच्या आकड्यापलीकडे बघावं लागतं.

खरं भाडं किती?

जाहिरातीतला आकडा अर्धवट असतो. मेंटेनन्स भाड्यात धरलाय की वेगळा, पार्किंगचे पैसे वेगळे आहेत का, दलाली किती, हे आधीच विचारावं. दलाली बहुतेक वेळा एका महिन्याच्या भाड्याएवढी मागतात. २५,००० रुपये भाड्याच्या घराला ११ महिन्यांवर वाटली तर ती महिन्याला सुमारे २,२७० रुपये पडते.

पुलाचाही हिशेब करावा. समजा, पूल असलेल्या सोसायटीत भाडं ३,००० रुपये जास्त आहे. ११ महिन्यांचे झाले ३३,०००. घरातली माणसं मिळून ६० वेळा पोहली, तर एका वेळेला ५५० रुपये पडले. पावसाळ्यात, थंडीत किंवा पाणीटंचाईत पूल बंद राहिला तर हा आकडा आणखी चढतो. पुणे आणि पिंपरी-चिंचवड महापालिकांचेही तलाव आहेत. घराजवळ त्यातला एखादा असेल, तर त्याचं शुल्क विचारून तुलना करावी. मुलं रोज पोहणार असतील तर सोसायटीचा पूल परवडतो. रविवारपुरताच असेल तर नाही.

पाणी कुठून येतं?

दहा मीटर लांब, पाच मीटर रुंद आणि सरासरी १.२ मीटर खोल पुलात ६०,००० लिटर पाणी मावतं. म्हणजे १०,००० लिटरचे सहा टँकर. शहराच्या कडेच्या अनेक सोसायट्या उन्हाळ्यात टँकरवर चालतात. तिथं पहिलं कुलूप पुलाला लागतं. मार्च २०२४ मध्ये बंगळूरच्या पाणीपुरवठा मंडळाने पुलासाठी पिण्याचं पाणी वापरायला बंदी घालून ५,००० रुपये दंड लावला होता. त्यामुळे “एप्रिल-मेमध्ये पूल चालू होता का?” हा प्रश्न एजंटला नको, वॉचमनला किंवा तिथल्या भाडेकरूला विचारावा.

करार: इथं सीमाभागातले लोक फसतात

कर्नाटकात ११ महिन्यांचा करार स्टॅम्प पेपरवर करून नोटरी केली की काम झालं, अशी सवय आहे. नोंदणी कायद्यानुसार एक वर्षापेक्षा जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणी लागते, म्हणून ही ११ महिन्यांची पद्धत पडली. महाराष्ट्रात तसं चालत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृतच लागतो, मुदत कितीही असो. ही जबाबदारी घरमालकाची. नोंदणी नसेल आणि वाद झाला, तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं धरलं जातं, मालकाने उलट सिद्ध करेपर्यंत. पण त्या भरवशावर राहू नये. कागद हातात असलेला बरा.

लिव्ह अँड लायसन्स करारावर मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के आहे. ते एकूण भाडं आणि परत मिळणाऱ्या डिपॉझिटवरचं वार्षिक १० टक्के दराने धरलेलं व्याज, या बेरजेवर लागतं. भाडं २५,००० आणि डिपॉझिट ७५,००० असेल, तर ११ महिन्यांचं शुल्क ७०० रुपयांच्या आसपास येतं. महापालिका हद्दीत नोंदणी शुल्क १,००० रुपये. एवढ्या रकमेसाठी ७५,००० रुपये धोक्यात घालण्यात अर्थ नाही. कराराची नोंदणी ऑनलाइन होते.

पुलाचा हक्क कोणाचा?

पूल सोसायटीचा, फ्लॅट मालकाचा. मालकाची थकबाकी असेल तर पुलाच्या वापरावरून अडवणूक होऊ शकते. म्हणून सही करण्याआधी थकबाकी नसल्याचं सोसायटीचं पत्र मालकाकडून मागावं. भाडेकरूला पूल वापरता येईल, वेगळे पैसे लागणार नाहीत, हे करारात लिहून घ्यावं. पाहुण्यांचे नियम आणि वेळाही विचाराव्यात. फ्लॅट भाड्याने दिल्याबद्दल सहकारी गृहनिर्माण सोसायटी जो आकार घेते, तो सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त नसावा, असा शासनाचा आदेश आहे. तो सभासदावर, म्हणजे मालकावर लागतो. भाडेकरूच्या माथी मारला जात असेल तर आधीच बोलून घ्यावं.

सकाळी जाऊन बघा

पूल दिवसाउजेडी बघावा. तळाची जाळी काठावरून स्वच्छ दिसली पाहिजे. ती पक्की बसलेली हवी. पाण्यातला क्लोरीन १ ते ३ पीपीएम आणि पीएच ७.२ ते ७.८ असावा. त्याची रोजची नोंदवही मागितली तर दाखवतात का, ते पाहावं. खोलीचे आकडे काठावर लिहिलेले, बचाव रिंग हाताशी आणि फाटकाला कुलूप हवं. घरात लहान मूल असेल आणि जीवरक्षक नसेल, तर मोठं माणूस सोबत असल्याशिवाय मुलाला पाठवूच नये. कागद आणि आकडे कितीही जुळले, तरी फाटकाला कुलूप नसलेला पूल लहान मुलांच्या घराला परवडत नाही.